मेनफ्रेमवर जंबो फ्रेम सुरू करताना: पॅकेटचा आकार ठरवण्यापासून तपासणीपर्यंत

मेनफ्रेमच्या नेटवर्कचे काम नव्याने हाती आलेल्या माणसाला पुष्कळदा एका ओळीची सूचना मिळते: "एमटीयू वाढवा, जंबो फ्रेम सुरू करा." एमटीयू म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, आणि ती नेहमीच्या १५०० बाइटांपेक्षा बरीच मोठी केली की जंबो फ्रेम होते. काम एका आकड्याचे वाटते आणि आकडा बदलायला खरोखरच दहा मिनिटे पुरतात. मात्र तो आकडा एकट्या मेनफ्रेमचा नसतो. पॅकेट ज्या ज्या कार्डातून, स्विचमधून आणि फायरवॉलमधून जाते, त्या सगळ्यांचे त्या आकड्यावर एकमत असावे लागते, आणि एकाचे जरी नसले तरी ते यंत्र बहुतेक वेळा तक्रार न करता पॅकेट टाकून देते. मी हे काम पहिल्यांदा केले तेव्हा हे एकमत गृहीत धरले होते, तपासले नव्हते. ती चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून संपूर्ण क्रम येथे सविस्तर मांडत आहे.

हा लेख झेड/ओएस (मेनफ्रेमची मुख्य प्रणाली), झेड/व्हीएम (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) आणि मेनफ्रेमवरचे लिनक्स या तिन्ही प्रणालींसाठी आहे. आज्ञा आणि विधाने यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. पडद्यावर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची आहेत.

१. आधी आकडे ओळखून घ्या

एमटीयू म्हणजे एका फ्रेममध्ये मावणाऱ्या आयपी पॅकेटची कमाल लांबी. तिच्यात आयपी आणि टीसीपी यांचे हेडर धरलेले असतात, इथरनेटचे हेडर मात्र धरलेले नसते. नव्या माणसाचा गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो, कारण मेनफ्रेमवाले एमटीयूबद्दल बोलत असतात आणि स्विचवाले अनेकदा फ्रेमच्या लांबीबद्दल.

साध्या इथरनेटचा एमटीयू १५०० बाइट असतो. त्यात इथरनेट हेडरचे १४ आणि शेवटच्या तपासणी बेरजेचे ४ बाइट मिळवले की १५१८ बाइटची फ्रेम होते, आणि व्हीलॅनची खूण असेल तर १५२२ बाइटची. मेनफ्रेमच्या जुन्या व्याख्यांमध्ये १४९२ हा आकडा वारंवार भेटतो. एलएलसी आणि स्नॅप यांच्या हेडरसाठी ८ बाइट राखून ठेवल्यावर १५०० मधून जे उरते, ते १४९२. त्याच हिशेबाने ९००० मधून ८ वजा केले की ८९९२ मिळतात, आणि ओएसए-एक्सप्रेस या मेनफ्रेमच्या नेटवर्क कार्डावर जंबो फ्रेमसाठी हाच आकडा वापरायचा असतो. इतर सर्व्हरच्या सवयीने ९००० लिहू नका.

जंबो फ्रेम आयट्रिपलईच्या ८०२.३ मानकात नाही. त्यामुळे "जंबो चालू आहे" या वाक्याला प्रत्येक उत्पादकाकडे थोडा वेगळा अर्थ असतो. समोरच्याला नेहमी बाइटमध्ये आकडा विचारा, आणि त्या आकड्यात हेडर धरले आहे की नाही, हेही विचारा.

२. जंबो फ्रेम खरोखर हवी आहे का, ते ठरवा

एक गिगाबाइट, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, टीसीपीने पाठवायचे आहेत असे समजा. एमटीयू १५०० असताना आयपी आणि टीसीपी यांच्या हेडरचे ४० बाइट वजा जाऊन एका सेगमेंटमध्ये (टीसीपीने पाडलेल्या एका तुकड्यात) १४६० बाइट मावतात आणि सुमारे ७ लाख ३५ हजार सेगमेंट लागतात. एमटीयू ८९९२ असेल तर एका सेगमेंटमध्ये ८९५२ बाइट मावतात आणि सुमारे १ लाख २० हजार सेगमेंटांत काम होते. म्हणजे सेगमेंटांची संख्या सहापटीने घटते.

तारेवरची बचत मात्र फार मोठी नाही. प्रत्येक फ्रेममागे हेडर, तपासणी बेरीज, प्रीॲम्बल आणि दोन फ्रेमांमधली रिकामी जागा मिळून ३८ बाइट जातात. हा खर्च धरला तर उपयुक्त डेटाचे प्रमाण १५०० च्या एमटीयूला सुमारे ९५ टक्के आणि ८९९२ ला सुमारे ९९ टक्के येते. खरा फायदा प्रोसेसरचा आहे. प्रत्येक पॅकेटमागे स्टॅकला (टीसीपी/आयपी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) काही ठरावीक काम करावेच लागते, आणि पॅकेट कमी झाली की ते काम कमी होते. मेनफ्रेमवर अनेक सॉफ्टवेअरचे शुल्क प्रोसेसरच्या वापराशी बांधलेले असते, म्हणून इतर सर्व्हरपेक्षा येथे या बचतीला जास्त वजन आहे.

तरीही सरसकट वाढवू नका. मोठ्या फाइलींची ने-आण, बॅकअप, डेटाबेसची प्रतिकृती आणि एनएफएस यांना फायदा होतो. ३२७० टर्मिनलचे व्यवहार किंवा काहीशे बाइटांची विचारणा-उत्तरे यांची पॅकेट मुळातच लहान असल्यामुळे त्यांना काहीही फरक पडत नाही. लिनक्ससाठी एक सोपा नियम चांगला उपयोगी पडतो: अनुप्रयोग एका वेळी १४०० बाइटांपर्यंतच पाठवत असेल तर १४९२ ठेवा, त्याहून मोठे तुकडे पाठवत असेल तर ८९९२ करा.

आणखी एक बाब हिशेबात घ्या. झेड/ओएसच्या प्रोफाइलमध्ये (टीसीपी/आयपीच्या कॉन्फिगरेशन फाइलीत) आयपीकॉन्फिगखाली सेगमेंटेशनऑफलोड चालू असेल, तर मोठ्या डेटाचे सेगमेंट पाडण्याचे काम आधीच ओएसए कार्डाकडे गेलेले असते. अशा वेळी पाठवणाऱ्या बाजूची बचत अपेक्षेपेक्षा कमी दिसते आणि घेणाऱ्या बाजूची जास्त जाणवते. बदलाआधी आणि बदलानंतर दोन्ही बाजू मोजल्या नाहीत, तर "काहीच उपयोग झाला नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

३. सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

- टीसीपी/आयपी प्रोफाइलची चालू प्रत आणि ओएमपीराउट (मार्ग आपोआप शिकणारा झेड/ओएसचा प्रोग्राम) वापरात असेल तर त्याची कॉन्फिगरेशन फाइल.
- आयओसीडीएसमधील (यंत्राच्या हार्डवेअर जोडण्यांच्या व्याख्या-संचातील) ओएसए आणि हायपरसॉकेट्स (एकाच यंत्राच्या आतले नेटवर्क) यांच्या चॅनल पाथच्या व्याख्या: प्रकार, पॅरामीटर आणि कोणते एलपार (यंत्राचे स्वतंत्र तार्किक भाग) तो पाथ वाटून घेतात याची यादी.
- स्विच पोर्टांची यादी. मेनफ्रेमला थेट जोडलेले पोर्ट तेवढे पुरत नाहीत. स्विच ते स्विच जोडण्याही हव्यात.
- वाटेतल्या फायरवॉल, लोड बॅलन्सर आणि व्हीपीएन यांची नावे आणि त्यांचे एमटीयू.
- झेड/ओएसवर नेटस्टॅट, पिंग आणि ओबेफाइल (चालू स्टॅकची व्याख्या बदलणारी आज्ञा) चालवण्याचे अधिकार. लिनक्सवर रूट अधिकार. झेड/व्हीएमवर व्हीस्विच (आभासी स्विच) पाहण्याचे आणि बदलण्याचे अधिकार.
- बदलाआधीचे मोजमाप: एका ठरावीक मोठ्या फाइलीला लागणारा वेळ आणि त्या वेळचा प्रोसेसरचा वापर.
- नेटवर्क विभागातील एक माणूस, जो बदलाच्या वेळी स्विचचे पोर्ट-काउंटर तुम्हाला वाचून दाखवू शकेल.

यादीतील शेवटची गोष्ट लोक सर्वांत आधी वगळतात. तसे करू नका. मोठी फ्रेम लहान पोर्टवर आदळून पडते तेव्हा तिची नोंद मेनफ्रेमवर कुठेही होत नाही. ती फक्त त्या स्विच पोर्टच्या काउंटरमध्ये दिसते.

४. वाटेचा नकाशा काढा

कागदावर एका टोकाला मेनफ्रेम आणि दुसऱ्या टोकाला समोरचा सर्व्हर काढा, आणि मधल्या प्रत्येक जोडणीवर तिचा एमटीयू लिहा. एखादा आकडा माहीत नसेल तर जागा रिकामी सोडा आणि ती भरेपर्यंत पुढे जाऊ नका.

नकाशा काढताना एक भेद पक्का लक्षात ठेवा. पॅकेट राउटरमधून जाते तेव्हा पुढची जोडणी अरुंद असेल तर राउटर आयपी आवृत्ती ४ चे पॅकेट तोडू शकतो, किंवा तोडण्यास मनाई असेल तर "एवढे मोठे जाणार नाही" असा आयसीएमपी संदेश परत पाठवतो. स्विच यातले काहीच करत नाही. त्याला न पेलणारी फ्रेम तो टाकून देतो. म्हणूनच एका सबनेटमधील सर्व यंत्रांचा एमटीयू समान असला पाहिजे.

येथे टीसीपी आपल्याला काही प्रमाणात सांभाळून घेते. जोडणी होताना दोन्ही टोके आपापला कमाल सेगमेंट आकार कळवतात आणि त्यातला लहान आकडा पाळला जातो. त्यामुळे ८९९२ चे यंत्र आणि १५०० चे यंत्र एकमेकांशी टीसीपीवर सुरळीत बोलताना दिसतात, आणि त्यावरून मिश्र सबनेट चालते असा समज होतो. पण यूडीपीमध्ये असा कोणताच करार होत नाही. यूडीपीच्या १२००० ते १२००४ या पोर्टांवर चालणारे एंटरप्राइझ एक्स्टेंडर (जुनी एसएनए वाहतूक आयपीवरून नेणारी सोय) अशा सबनेटवर असेल, तर अडचण तिथे आधी उमटते. शिवाय दोन्ही टोके ८९९२ ची आणि मधला स्विच १५०० चा असेल तर टीसीपीचा हा करारही कामाला येत नाही, कारण दोन्ही टोकांनी प्रामाणिकपणे मोठा आकडाच कळवलेला असतो.

५. स्विच आधी, मेनफ्रेम नंतर

बदलाची दिशा नेहमी मधून टोकांकडे असावी. मधल्या स्विचने मोठी फ्रेम स्वीकारण्याची तयारी ठेवली आणि टोके अजून लहानच पाठवत राहिली, तर कोणाचेही काही बिघडत नाही. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच मोठ्या पॅकेटला वाहतूक थांबते.

स्विचवर नेमका कोणता आकडा मागायचा? ८९९२ चे आयपी पॅकेट, १४ बाइटचे हेडर, ४ बाइटची व्हीलॅनची खूण आणि ४ बाइटची तपासणी बेरीज मिळून ९०१४ बाइट होतात. जो स्विच हेडरसह लांबी मोजतो, त्यावर ९००० ठेवले तर ही फ्रेम बसणार नाही. बऱ्याच डेटा सेंटर स्विचवर ९२१६ पर्यंत मुभा असते, आणि मी नेहमी तोच आकडा मागते. स्विचवर थोडी जास्त जागा ठेवल्याने नुकसान होत नाही; अठरा-वीस बाइट कमी पडले तर मात्र सगळे अडते.

हा नियम राउटिंग करणाऱ्या इंटरफेसना लागू नाही. तिथला आयपी एमटीयू सबनेटमधील इतर यंत्रांशी तंतोतंत जुळवावा लागतो. त्याचे कारण पुढच्या टप्प्यात ओएसपीएफच्या (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या पद्धतीच्या) संदर्भात येईल.

६. झेड/ओएस: तीन जागांचा एकच निकाल

झेड/ओएसमध्ये एमटीयू एका ठिकाणी ठरत नाही, आणि नवख्या माणसाचे सर्वांत जास्त तास इथेच जातात. म्हणून तिन्ही जागा वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली जागा म्हणजे इंटरफेस विधान. त्यात एमटीयू लिहिता येतो. लिहिला नाही, तर स्टॅक कार्डाचा कमाल आकडा धरतो, आणि क्यूडीआयओ पद्धतीने चालणाऱ्या गिगाबिट ओएसएसाठी तो ८९९२ असतो. म्हणजे तुम्ही काहीही न करताही तुमचा इंटरफेस कदाचित आधीपासूनच जंबोसाठी तयार आहे. नेटस्टॅट डेव्हलिंक्स चालवा आणि दोन आकडे वाचा: सीएफजीएमटीयू म्हणजे तुम्ही लिहिलेला, एसीटीएमटीयू म्हणजे प्रत्यक्ष लागू असलेला. जुन्या डिव्हाइस आणि लिंक विधानांत एमटीयू लिहिण्याची सोयच नाही. शक्य असेल तर या निमित्ताने इंटरफेस विधानाकडे वळा.

दुसरी जागा म्हणजे बिगिनराउट्सखालील प्रत्येक मार्ग. तिथे लिहिलेला एमटीयू आणि इंटरफेसचा प्रत्यक्ष एमटीयू यांपैकी जो लहान, तो त्या मार्गाला लागू होतो. इंटरफेस ८९९२ दाखवत असूनही पॅकेट १४९२ ची जात असतील, तर मार्गाच्या ओळीतला जुना १४९२ त्याला कारण असतो. तिथे डीफॉल्टसाइझ लिहिलेले असेल तर आयपी आवृत्ती ४ साठी त्याचा अर्थ ५७६ बाइट एवढा लहान होतो. नेटस्टॅट राउट डीटेल चालवून प्रत्येक मार्गाचा एमटीयू स्वतः वाचा.

याची उलट बाजू अधिक धोकादायक आहे. इंटरफेसवर मर्यादा नाही, जुन्या सर्व मार्गांवर १४९२ आहे, आणि कोणीतरी दुसऱ्या प्रणालीतून ८९९२ ची एक ओळ उचलून नवा मार्ग जोडतो. त्या क्षणी त्या एका मार्गापुरती जंबो फ्रेम सुरू होते आणि स्विच विभागाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून माझा आग्रह आहे की इंटरफेसवर एमटीयू स्पष्ट लिहावा, मग तो १४९२ असो वा ८९९२.

तिसरी जागा ओएमपीराउट. मार्ग ओएसपीएफने शिकले जात असतील तर त्यांचा एमटीयू ओएमपीराउटच्या फाइलीतील इंटरफेसच्या व्याख्येतून येतो, आणि तिथे काही लिहिले नसेल तर ५७६ धरला जातो. शिवाय ओएसपीएफचे शेजारी डेटाबेसच्या वर्णनाच्या पॅकेटमधून आपला एमटीयू एकमेकांना सांगतात. समोरच्याचा आकडा आपल्याला पेलणारा नसेल तर ते पॅकेट नाकारले जाते आणि शेजार एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज अवस्थेत अडकून राहतो. मेनफ्रेमवर ८९९२ आणि राउटरच्या इंटरफेसवर ९००० किंवा ९२१६ ठेवल्यावर नेमके हेच घडते. त्यामुळे राउटरच्या त्या इंटरफेसचा आयपी एमटीयू ८९९२ करून घ्या आणि तो झाल्याची खात्री करूनच पुढे जा.

बदल लागू करताना दोन सापळे आहेत. चालू इंटरफेसचा एमटीयू जागच्या जागी बदलत नाही. इंटरफेस थांबवून, त्याची व्याख्या काढून, नव्याने देऊन पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ त्या वाटेची वाहतूक बंद राहते. दुसरा सापळा जास्त महागात पडतो: ओबेफाइलमध्ये एकाच मार्गाची ओळ घालून बिगिनराउट्स चालवले, तर आधीचे सगळे स्थिर मार्ग पुसले जातात आणि तेवढा एकच उरतो. बदल एका ओळीचा असला तरी मार्गांचा पूर्ण संच लिहा. फाइल चालवण्याआधी तिच्यातल्या ओळींची संख्या नेटस्टॅटने दाखवलेल्या स्थिर मार्गांशी पडताळून पाहा.

सिस्प्लेक्समध्ये (एकत्र काम करणाऱ्या झेड/ओएस प्रणालींच्या गटात) व्हीआयपीएराउट हे विधान वापरत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. वितरण करणारा स्टॅक पॅकेट दुसऱ्या स्टॅककडे पाठवताना त्यावर जीआरईचे आवरण (पॅकेटभोवती आणखी एक हेडर) चढवतो. आधीच पूर्ण भरलेल्या पॅकेटला हे आवरण मावत नाही आणि त्याचे तुकडे पडतात. ग्लोबलकॉन्फिगमधील ॲडजस्टडीव्हीआयपीएएमएसएस हा पर्याय याच कारणासाठी आहे. आयपीसेकच्या बोगद्यांनाही आवरणाचा हाच हिशेब लागू होतो.

७. हायपरसॉकेट्सचा हिशेब वेगळा

एकाच यंत्रातल्या एलपारमध्ये बोलणाऱ्या हायपरसॉकेट्सला स्विच नसतो, त्यामुळे इथे वाटाघाटी करायला तिसरा कोणी नाही. एमटीयू आयक्यूडी चॅनल पाथच्या व्याख्येतील फ्रेमच्या आकारावरून ठरतो: १६ केबीच्या फ्रेमला ८ केबी, २४ ला १६, ४० ला ३२ आणि ६४ केबीच्या फ्रेमला ५६ केबी, म्हणजे ५७,३४४ बाइट. हा आकार आयओसीडीएसमध्ये ठरतो, टीसीपी/आयपीच्या प्रोफाइलमधून वाढवता येत नाही.

मोठा आकार घेतला की बफरची स्मृतीही वाढते. लिनक्सवर हायपरसॉकेट्सला मुळात १२८ बफर मिळतात. ६४ केबीच्या फ्रेमला त्यांचे ८ एमबी होतात, १६ केबीच्या फ्रेमला २ एमबी. लहान पाहुणे (आभासी यंत्रे) मोठ्या संख्येने असतील तर ही बेरीज आधी करून पाहा.

८. झेड/व्हीएम आणि लिनक्स

झेड/व्हीएमच्या व्हीस्विचमागे बसलेले सर्व पाहुणे एकाच ओएसएतून बाहेर जातात. त्यामुळे व्हीस्विचचा सबनेट हा खऱ्या स्विचच्या सबनेटसारखाच समजा: सगळ्यांचा एमटीयू समान. एखाद्या पाहुण्याला जंबो हवी आणि बाकीच्यांना नको असेल, तर त्याच्यासाठी वेगळा व्हीलॅन आणि वेगळा व्हीस्विच मागणे हाच सरळ मार्ग आहे. व्हीस्विचवर ८९९२ चा लाभही चांगला मिळतो, कारण तिथे प्रत्येक पॅकेटमागचा खर्च थेट ओएसएपेक्षा जास्त असतो.

लिनक्सवर आधी एलएसक्यूईटीएच चालवून उपकरण स्तर २ वर आहे की ३ वर, हे पाहा, आणि मग आयपी लिंक आज्ञेने एमटीयू ८९९२ करा. हा बदल यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. कायमचा करण्यासाठी वितरणानुसार नेटवर्कमॅनेजरच्या जोडणीत, आयएफसीएफजी फाइलीत किंवा नेटप्लॅनमध्ये तो लिहावा लागतो. त्याच वेळी बफर-काउंटही बघा. ओएसएसाठी तो मुळात ६४ असतो आणि १२८ पर्यंत वाढवता येतो. प्रत्येक बफर ६४ केबीचा असल्यामुळे कमाल संख्येला प्रत्येक उपकरणामागे ८ एमबी लागतात. हा आकडा उपकरण ऑफलाइन असतानाच बदलतो, म्हणून एमटीयूच्याच बंद-वेळेत तो उरकून घ्या.

थर असतील तर क्रम पाळा. व्हीलॅन इंटरफेसचा एमटीयू त्याच्या खालच्या इंटरफेसपेक्षा मोठा होऊ शकत नाही, म्हणून आधी खालचा वाढवा. बाँड (अनेक कार्डे एकत्र बांधून केलेला इंटरफेस) असेल तर एमटीयू बाँडवर द्या. तो सदस्यांना आपोआप लागतो. केव्हीएमवरच्या (लिनक्सवर आभासी यंत्रे चालवणाऱ्या सोयीवरच्या) ब्रिजला तुम्ही स्वतः आकडा दिला नसेल तर तो सदस्यांपैकी सर्वांत लहान एमटीयू घेतो, आणि एका विसरलेल्या पाहुण्याच्या १५०० मुळे पूर्ण ब्रिज १५०० वर येतो.

९. तपासणी, आणि तीही खरी

नुसत्या पिंगने काहीही सिद्ध होत नाही. झेड/ओएसचे पिंग मुळात २५६ बाइटचे आणि लिनक्सचे ५६ बाइटचे असते. एवढी पॅकेट कोणत्याही वाटेने जातात. पूर्ण लांबीचे आणि तोडण्यास मनाई असलेले पॅकेट पाठवले तरच ती चाचणी ठरते.

८९९२ मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट वजा केले की ८९६४ उरतात. झेड/ओएसवर पिंगला लेंग्थ ८९६४ आणि पीएमटीयू येस हे पर्याय द्या. लिनक्सवर मोठ्या एमच्या पर्यायाला "डू" आणि लहान एसच्या पर्यायाला ८९६४ द्या. आयपी आवृत्ती ६ साठी हाच आकडा ८९४४ होतो, कारण तिचे हेडर ४० बाइटचे आहे. चाचणी दोन्ही टोकांकडून करा, कारण जायची आणि यायची वाट वेगळी असू शकते. ८९६४ गेले की ८९६५ पाठवून पाहा. ते यंत्रातच नाकारले गेले पाहिजे. तेही गेले तर तुम्ही समजता त्या इंटरफेसमधून पॅकेट जात नाही, किंवा त्याचा एमटीयू वेगळा आहे.

आता माझा अनुभव सांगते, कारण वरच्या चाचण्या करूनही मी फसले होते. दोन एलपार होते, दोघांवर ८९९२ लागू केले होते, आणि एकाकडून दुसऱ्याकडे ८९६४ चे पिंग दोन्ही दिशांनी व्यवस्थित गेले. बदल यशस्वी झाल्याची नोंद करून आम्ही काम बंद केले. त्या रात्री बाहेरच्या एका सर्व्हरवरून येणारी फाइल अडकली. एफटीपीच्या लॉगमध्ये प्रवेश झालेला दिसत होता, डेटासेट (मेनफ्रेमवरची फाइल) साठवायला सुरुवात झाल्याचा १२५ क्रमांकाचा संदेश दिसत होता, आणि त्यापुढे काहीच नव्हते. ना चूक, ना समाप्ती. त्याच सर्व्हरवरच्या छोट्या नियंत्रण फाइली मात्र आधी सहज येऊन गेल्या होत्या, म्हणून पहिले दोन तास आम्ही डेटासेटच्या जागेत आणि अधिकारांत शोधत राहिलो.

कारण असे होते की ते दोन्ही एलपार एकच ओएसए पोर्ट वाटून घेत होते. अशा दोन एलपारमधली वाहतूक ओएसए कार्ड आतल्या आत पोहोचवते. ती स्विचपर्यंत जातच नाही. आमच्या पोर्टवर जंबो चालू करण्याचे काम नेटवर्क विभागाच्या यादीतून सुटले होते, आणि आमच्या चाचणीने त्या पोर्टला स्पर्शही केला नव्हता. नेटवर्कच्या सहकाऱ्याने त्या पोर्टचा मोठ्या फ्रेमांचा काउंटर वाचायला घेतला आणि आम्ही ८९६४ चे एकेक पिंग बाहेरच्या सर्व्हरवरून पाठवू लागलो. प्रत्येक पिंगला तो काउंटर एकाने वाढत होता. पोर्टचा आकडा बदलल्यावर पुढच्याच पिंगला उत्तर आले.

म्हणून चाचणीचे दुसरे टोक असे निवडा, की पॅकेटला ओएसए सोडून स्विचमधून जावेच लागेल. स्विचांमध्ये एकापेक्षा जास्त समांतर जोडण्या असतील तर एका जोडीवरची चाचणी पुरत नाही, कारण कोणते पॅकेट कोणत्या जोडणीने जाईल हे बहुधा पत्त्यांवरून ठरते. वेगवेगळ्या पत्त्यांच्या चार-सहा जोड्या घेऊन तपासा.

पिंगनंतर खरी मोठी फाइल पाठवा. ती जात असताना झेड/ओएसवर नेटस्टॅट ऑल मध्ये त्या जोडणीचा कमाल सेगमेंट आकार आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांची संख्या पाहा. लिनक्सवर एसएस आज्ञेला आयचा पर्याय दिला की हेच आकडे मिळतात. पॅकेटचा माग घेतलात तर एक भ्रम टाळा: सेगमेंट पाडण्याचे काम कार्डाकडे असेल तर पाठवणाऱ्या यंत्रावरील मागात एमटीयूपेक्षा कितीतरी मोठी पॅकेट दिसतात. ती तारेवर तशी जात नाहीत. तारेवरचा खरा आकार स्विचवरच्या मागात दिसतो.

१०. अडकल्यास कुठे पाहावे

लक्षण जवळजवळ नेहमी एकच असते: जोडणी होते, प्रवेश होतो, लहान उत्तरे येतात, आणि पहिले मोठे उत्तर आले की सगळे स्तब्ध होते. असे दिसले की अनुप्रयोगाच्या लॉगमध्ये वेळ घालवू नका. तोडण्यास मनाई असलेले १४७२ बाइटचे पिंग पाठवा, मग ८९६४ चे. पहिले गेले आणि दुसरे अडले, तर वाटेत कुठेतरी १५०० आहे. लिनक्सच्या ट्रेसपाथने ती जागा शोधायला मदत होते, मात्र त्यासाठी मधले राउटर आयसीएमपी संदेश परत पाठवणारे हवेत.

हेच दुसरे मोठे कारण आहे. वाटेचा एमटीयू आपोआप ओळखण्याची पद्धत आयसीएमपीच्या प्रकार ३, संकेत ४ या संदेशावर अवलंबून असते, आणि आवृत्ती ६ मध्ये "पॅकेट टू बिग" या प्रकार २ च्या संदेशावर. फायरवॉलवर सगळे आयसीएमपी सरसकट बंद केलेले असेल, तर पाठवणाऱ्याला पॅकेट लहान करायला कोणी सांगतच नाही आणि पाठवणारे यंत्र तेवढेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहते. झेड/ओएसच्या आयपीकॉन्फिगमध्ये पाथएमटीयूडिस्कव्हरी चालू करण्याआधी सुरक्षा विभागाकडून हे दोन संदेश मोकळे असल्याची लेखी खात्री घ्या. ती मिळत नसेल तर बाहेर जाणाऱ्या मार्गांवर १४९२ च ठेवा आणि ८९९२ फक्त आपल्या ताब्यातल्या सबनेटसाठी वापरा. मूलभूत मार्ग, म्हणजे डीफॉल्ट राउट, तर मी नेहमी १४९२ वरच ठेवते.

११. मागे फिरण्याचा क्रम आणि कायमची नोंद

मागे फिरायचे झाल्यास क्रम उलटा होतो: आधी टोकांची यंत्रे १४९२ किंवा १५०० वर आणा आणि स्विच सर्वांत शेवटी. घाईत स्विच आधी उतरवला तर टोके अजून मोठीच पॅकेट पाठवत असतात. झेड/ओएसवर मागे फिरण्याची सर्वांत जलद वाट मार्गांतून जाते: १४९२ लिहिलेला बिगिनराउट्सचा पूर्ण संच डेटासेटच्या वेगळ्या सदस्यात (आतल्या फाइलीत) आधीच तयार ठेवा, म्हणजे इंटरफेस न थांबवता एका ओबेफाइलमध्ये पाठवण्याचा आकार खाली येतो. समोरच्या यंत्रांकडून येणारी मोठी पॅकेट त्याने थांबत नाहीत. सुरू असलेल्या जोडण्या तोडून नव्याने जोडल्या की नवा करार लागू होतो.

सगळे स्थिरावल्यावर ओबेफाइलमधले बदल मूळ प्रोफाइलमध्ये उतरवा. ओबेफाइलने केलेला बदल स्टॅक पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो, आणि मग काही महिन्यांनी एखाद्या आयपीएलनंतर (प्रणाली नव्याने सुरू केल्यानंतर) फाइलींचा वेग अचानक घटतो, तेव्हा त्याचे कारण कोणाला आठवत नाही. इंटरफेस विधानाच्या वर टिप्पणीत तारीख, एमटीयू आणि ज्या स्विच पोर्टांवर तो अवलंबून आहे त्यांची नावे लिहा. पुढच्या आयपीएलनंतर नेटस्टॅट डेव्हलिंक्स आणि नेटस्टॅट राउट डीटेल चालवून दोन्हीकडे ८९९२ दिसतो का ते पाहा, आणि स्विचमधून जाणाऱ्या एका बाहेरच्या यंत्रावर ८९६४ चे पिंग पुन्हा एकदा करा.